आईच्या पाककृतींचे फोटो काढायचेत ना, मग ताटाआधी कढईकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजलं ते असं: आई पंचाहत्तरीच्या पुढे, मूळ साताऱ्याकडच्या, त्यांच्या हातचं पुरण, कांदा लसूण मसाला, झुणका भाकरी हे सगळं फोटोंसकट लिहून ठेवायचंय. तुम्ही ठाण्यात फ्लॅटमध्ये, ओटा आतल्या बाजूला, खिडकी फक्त हॉलला आणि बेडरूमला. नोकरीमुळे फोटो काढायला सवड मिळते ती रात्री साडेआठ नऊला, ते फोटो पिवळट आणि धुरकट येतात, तोवर जेवण गार होतं, नवरा आणि नववीतला मुलगा वैतागतात, आई म्हणतात माझा फोटो नको. आणि शेवटी विचारलंय की ४० हजारांत कोणता कॅमेरा घेऊ.

कॅमेऱ्याचं आधीच सांगून टाकते, आत्ता घेऊ नका. मी बरीच वर्षं हौस म्हणून घरच्या स्वयंपाकाचे फोटो काढतेय, नात्यातल्या, ओळखीतल्या घरांमधल्या आज्यांच्या आणि काकूंच्या पाककृती अशाच फोटोंसकट नोंदवून दिल्यात, आणि तुम्ही लिहिलेल्या अडचणींपैकी एकीचंही उत्तर कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही. पिवळटपणा येतो दिव्यांमुळे. धुरकटपणा बहुतेक लेन्सवर बसलेल्या तेलकट थरामुळे. आणि घरच्यांचा वैताग येतो ताट अडवून धरल्यामुळे, त्यात त्यांचंही काही चुकत नाही, दिवसभर दमून आलेल्या माणसाला भूक लागते.

पण याच्याही आधीची एक गोष्ट आहे. तुम्ही दोन वेगळी कामं एकात मिसळताय. एक काम म्हणजे वाढलेल्या ताटाचा छान फोटो, दुसरं म्हणजे आईचा हात जपून ठेवणं. तुम्हाला हवंय दुसरं आणि रोज रात्री धडपड चाललीय पहिल्याची. पुरणपोळीचा कितीही सुंदर फोटो काढला, तुपाची धार वगैरे सोडून, तरी तो बघून तुमच्या मुलाला उद्या पुरणपोळी करता येणार नाही. जे हरवतं ते ताटात नसतंच, ते असतं मधल्या टप्प्यांत. "तेल सुटेपर्यंत परतायचं", "खमंग भाजायचं", "जरा सैलसरच ठेवायचं", हे आई म्हणतात तेव्हा त्यांना डोळ्यांसमोर एक नेमकं चित्र दिसत असतं, आपण वहीत शब्द लिहून घेतो आणि चित्र त्यांच्याकडेच राहतं. कॅमेऱ्याचा घरच्या स्वयंपाकात सगळ्यात मोठा उपयोग तिथे आहे. ताट पुन्हा वाढता येईल, पुढच्या रविवारी, पुढच्या वर्षी, तुम्ही स्वतः केलेलंसुद्धा. आई कढईकडे बघून "झालं आता, बंद कर" म्हणतात तो क्षण मात्र त्यांच्याच उपस्थितीत टिपावा लागतो.

पुरणाचंच घ्या, कारण त्यात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. हरभऱ्याची डाळ शिजली की नाही हे आई चिमटीत दाण्याला दाबून बघतात, तर चिमटीतल्या त्या चुरडलेल्या दाण्याचा फोटो हवा, अगदी जवळून, आतला दाणा किती मऊ आहे, मध्ये कणी राहिलीय का ते दिसेल असा. मग कट निथळून काढला, गूळ घातला. इथे पुरण एकदम पातळ होतं आणि नवीन करणारा हमखास घाबरतो, त्याला वाटतं बिघडलं, काहीजण तिथेच बेसन वगैरे टाकून सावरायला बघतात. तर गूळ विरघळल्यावरचं ते सैल पुरण, त्याचा फोटो घ्याच आणि खाली लिहा की असंच होतं, घाबरू नको. मग ते आटतं, बुडबुडे जड व्हायला लागतात, फुटले की उडतात आणि हाताला चटका बसतो (मोबाईल वर धरू नका, बाजूने धरा), मग कडेने भांडं सोडायला लागतं, त्या कडेचा एक फोटो. मग ती जुनी खूण, उलथनं मधोमध उभं करायचं, पडलं नाही की पुरण झालं. हा फोटो समोरून, पातेल्याच्या उंचीवर खाली येऊन घ्या, वरून घेतलात तर उलथनं उभं आहे की आडवं हे कळतच नाही. नंतर पुरणयंत्रातून पडणारं गरम पुरण. आणि सगळ्यात शेवटी जो फोटो जवळजवळ कुणीच काढत नाही तो, कणकेचा गोळा आणि पुरणाचा गोळा शेजारी शेजारी, आईच्या तळहातावर. कोण मोठा, किती मोठा, यावर पोळी फुटणार की नाही हे ठरतं आणि वहीत आपण लिहितो "त्यात पुरण भरून लाटावी". कणीक किती सैल ते मात्र फोटोत येत नाही, त्यासाठी दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, आई बोटाने ओढून दाखवतील आणि ती किती ताणते ते दिसेल.

म्हणजे आईला विचारायचा प्रश्नच बदलायचा. "किती घालायचं" असं विचारलं की उत्तर येतं "अंदाजाने". त्याऐवजी विचारा "कशावरून कळलं झालं ते?" मग त्या बोट दाखवतात, बघ कड सुटली, बघ वास बदलला, बघ फेस बसला. जिथे बोट दाखवलं तिथे फोटो. वासाचा फोटो निघत नाही, तो लिहून घ्या त्यांच्याच शब्दांत.

कांदा लसूण मसाल्यात खेळ रंगाचा आहे. सुकं खोबरं, तीळ, धणे, कांदा, प्रत्येकाचा भाजल्याचा रंग वेगळा आणि दोन पायऱ्या इकडेतिकडे झाल्या की चव बदलते, खोबरं जास्त गेलं तर कडवट, कांद्यात ओल राहिली तर मसाला टिकत नाही. इथे फोनचा ऑटो व्हाईट बॅलन्स (उजेड बघून फोटोचे रंग आपोआप जुळवणारी सोय) गोंधळ घालतो, तो एका फोटोत तांबूस दाखवतो आणि पुढच्या फोटोत तोच पदार्थ मातकट. सोपा उपाय म्हणजे भाजलेला प्रत्येक जिन्नस पांढऱ्या बशीत काढा, शेजारी त्याचाच मूठभर कच्चा जिन्नस ठेवा, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात साधा पांढरा कागद येऊ द्या. आता रंग थोडा हलला तरी बघणाऱ्याला कागदाकडे बघून कळतं की फोटोच पिवळा आहे, खोबरं नव्हे, आणि नंतर एडिट करताना त्या कागदाला पांढरा करून घेतलं की बाकी सगळं आपोआप जागेवर येतं. फोनमध्ये प्रो किंवा मॅन्युअल मोड असेल तर व्हाईट बॅलन्स एका आकड्यावर लॉक करा आणि पूर्ण मसाला होईपर्यंत हलवू नका. खोबऱ्याचे दोन फोटो घ्या, एक गॅस बंद केला त्या क्षणी आणि एक गार झाल्यावर, कारण तापलेल्या कढईत ते नंतरही भाजत राहतं आणि आई ते गृहीत धरून आधीच बंद करतात. हे गृहीत धरलेलंच लिहायचं राहतं. बेडगी रंगाला, लवंगी किंवा संकेश्वरी तिखटाला, कुठली किती हेही त्यांना तिथेच विचारून घ्या, आणि हो, मिरच्या भाजताना फोटोच्या नादात खिडक्या बंद ठेवू नका.

आता उजेड. इथे मात्र तुमच्या घरावर बरंच अवलंबून आहे, खिडकी कुठल्या दिशेला, समोर इमारत किती जवळ, गॅलरी आहे का, हे बघितल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही. पण तत्त्व सगळीकडे तेच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, पिवळा बल्ब २७०० चा, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. खिडकीतून एक रंग, छताच्या ट्यूबमधून दुसरा आणि चिमणीतल्या पिवळ्या दिव्यातून तिसरा असे एकाच वेळी ताटावर पडले की कुठलाच कॅमेरा ते सावरू शकत नाही, ४० हजारांचाही नाही आणि ४ लाखांचाही नाही. म्हणून पहिला नियम, एका वेळी एकच प्रकारचा उजेड. खिडकीपाशी असाल तर घरातले दिवे बंद, भर दुपारीसुद्धा. घरचे म्हणतील अंधार कशाला केलाय, पण फोटो बघितला की पटेल त्यांना.

तुमच्या हॉलच्या खिडकीपाशी एक छोटं टेबल किंवा पाट मांडा. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा किंवा जुनं पांढरं धोतर, ओढणी काहीही लावा, ऊन विखुरतं आणि सावल्या मऊ होतात. खिडकी पदार्थाच्या बाजूला किंवा किंचित मागे असावी, तुमच्या पाठीमागे नको, पाठीमागून उजेड पडला की भाकरी काय आणि पापड काय, सगळं सपाट दिसतं. भाकरीचे पापुद्रे, थालीपिठाची भोकं, चकलीचे काटे हे सगळं बाजूच्या उजेडानेच उठून दिसतं. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा कार्डशीट उभा केला की काळवंडलेली बाजूही उजळते, वीस रुपयांचं काम आहे.

मग तुम्ही म्हणाल गॅस तर आत आहे. बरोबर, पण स्वयंपाकातलं निम्मं काम गॅसवर नसतंच. निवडणं, चिरणं, मळणं, लाटणं, भरणं, मसाला निवडून ताटात मांडणं हे सगळं खिडकीपाशी येऊ शकतं, आणि खरं सांगायचं तर आईंनाही तिथे बसून करायला बरं वाटेल. काहीजण इंडक्शन खिडकीपाशी आणा म्हणतात, मी तुम्हाला तसं सांगणार नाही. पितळेची, ॲल्युमिनियमची भांडी त्यावर चालत नाहीत आणि आईंचा सगळा अंदाज ज्योतीवर बांधलेला आहे, ज्योत बदलली की अंदाजही बदलतो आणि मग आपण नोंदवतोय ते त्यांचं राहत नाही. त्यापेक्षा ठरावीक क्षणी चमचाभर पदार्थ पांढऱ्या बशीत काढून खिडकीपाशी न्या, दहा सेकंदांत फोटो, बशी परत. पुरण, सारण, भाजलेलं बेसन, वाटण, सगळ्याला हे चालतं. फोडणीला नाही चालत, ती गॅसवरच घ्यावी लागते.

गॅसवरच्या फोटोंसाठी ओट्यावर एक चांगला एलईडी दिवा लावा. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) लिहिलेलं असतं, ते ९० च्या वर असलेला बघा, त्यात हळदीचा, मिरचीचा रंग खरा दिसतो, साध्या स्वस्त दिव्यात लाल रंग मेल्यासारखा येतो. दिवा थेट कढईवर मारू नका, बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारा, परतून येणारा उजेड मऊ असतो. आणि तो लावला की चिमणीतला दिवा बंद. कधीकधी फोटोत किंवा व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात, ते कॅमेरा खराब म्हणून नाही, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही पण सेन्सरला कळतं. प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात. मोहरी तडतडताना हवेत थिजलेली हवी असेल तर मात्र १/५०० च्या आसपास लागतं, तिथे न लुकलुकणारा दिवा किंवा भरपूर दिवसाचा उजेडच हवा, आणि खरं तर पाककृतीच्या दृष्टीने हवेतल्या मोहरीपेक्षा तडतडून झाल्यावर जिरं कुठल्या रंगावर आलं असताना हिंग पडला ते जास्त कामाचं.

फोनबद्दल थोडं. ओट्याजवळ वावरणाऱ्या फोनच्या लेन्सवर तेलाचा थर बसतोच, बोटांचेही ठसे असतात, आणि मग दिव्यांभोवती धुकं आल्यासारखं दिसतं. मऊ सुती कापड ओट्यापाशी खुंटीला अडकवून ठेवा, प्रत्येक वेळी फोटोआधी पुसायचं, वाफेत धरला असेल तर परत पुसायचं. माझ्या अनुभवात धुरकट फोटोंच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच मिटतात. दुसरं, फोनचा मुख्य कॅमेरा बराच वाईड असतो, साधारण २४ ते २६ एमएमच्या जवळपास (हा आकडा लहान तितकं जास्त रुंद चित्र), तो पदार्थाजवळ नेला की वाटी पुढून फुगलेली आणि ताट मागे निमुळतं दिसतं. एक हात मागे सरका आणि २एक्स वर काढा, भांडी आपल्या खऱ्या आकारात येतील. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो कोथिंबिरीच्या पानांच्या आणि वाटीच्या कडा खातो. तिसरं, उजेडाचं माप. कॅमेरा सगळं जग मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो, म्हणून दहीभात, मोदक, साबुदाण्याची खिचडी हे पांढरे पदार्थ तो मळकट करून टाकतो आणि काळ्या वाटणाची आमटी उगाच फिकी करतो. स्क्रीनवर पदार्थावर टॅप करा, शेजारी सूर्याची खूण येते, पांढऱ्या पदार्थाला ती थोडी वर सरकवा, गडद पदार्थाला थोडी खाली. हळद आणि तिखट भरपूर असलेल्या पदार्थाला मी नेहमी किंचित खालीच ठेवते, नाहीतर तो पिवळा लाल रंग फुटून त्यातला सगळा बारकावा जातो, पोह्यांचा नुसता पिवळा गोळा दिसतो.

स्टीलच्या भांड्यांची तक्रार तुम्ही केली नाहीये पण करणार आहात. स्टील म्हणजे आरसा, समोर जे असेल ते दाखवणार, तुमचा लाल गाऊन, फोन, पंखा, सगळं. फोटोसाठी भांडी बदलू नका, आईंचं रोजचं पातेलंच हवं, ते पातेलंही त्या पाककृतीचा भाग आहे, त्याचं बूड किती जाड यावर आच ठरते. फक्त तुम्ही फिकट साध्या रंगाचे कपडे घाला, उभं राहण्याचा कोन थोडा बदला, आणि चमक फारच डोळ्यात येत असेल तर ज्या बाजूचं प्रतिबिंब पडतंय तिथे एक पांढरा किंवा करडा कागद धरायला सांगा. दोन इंच बाजूला सरकल्यानेही बहुतेकदा काम होतं.

वाफ हवी असेल तर मागून उजेड आणि मागे गडद काहीतरी, दार, काळसर लाकूड, गडद साडी. पुढून उजेड असेल तर कितीही उकळतं असलं तरी वाफ दिसणार नाही.

आता घरच्यांच्या भुकेचं, कारण हे टिकवायचं असेल तर हा भाग सगळ्यात आधी सुटला पाहिजे. रात्रीच्या जेवणाचे फोटो बंद करा, पूर्ण बंद. जेवण वाढलं की जेवायचं. महिन्यातून एखाददोन रविवार किंवा सुट्टीचा दिवस ठरवा, सकाळी नऊ ते बाराचा उजेड चांगला असतो, एक दिवस एकच पदार्थ. सणाच्या दिवशी अजिबात करू नका, होळीला किंवा बैलपोळ्याला नैवेद्याची घाई असते, सगळे दमलेले असतात, काही घरांत नैवेद्य दाखवायच्या आधी त्याच्याभोवती फोन नाचवलेला आवडतही नाही आणि ते बरोबर आहे. साध्या रविवारी पाव किलो डाळीचं पुरण घाला, तेवढं शिकायला आणि टिपायला पुरे.

ताटाचा फोटोही हवाच असेल तर वेगळं छोटं ताट आधी वाढून खिडकीपाशी ठेवा, ओट्यावर पोळ्या चालू असतानाच, म्हणजे पानं मांडेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं. वाढताना पानाची मांडणी आपलीच ठेवा, मीठ वर मध्ये, डावीकडे लिंबू चटणी कोशिंबीर, उजवीकडे भाजी आमटी, मध्ये भात वरण. त्यात रंगांचा समतोल मुळातच असतो, वेगळी सजावट करत बसायला नको. काही पदार्थ दुसऱ्या दिवशी उजेडात नेले तरी चालतात, लाडू, चकली, लोणचं, चटण्या, मसाले, पुरणपोळीसुद्धा, कटाची आमटी तर मुरून आणखी छान दिसते. पोहे, साबुदाणा खिचडी, उकडीचे मोदक, भाकरी यांना थांबता येत नाही. पोहे पाचएक मिनिटांत कोरडे दिसायला लागतात, मोदकाची चकाकी वाफ गेली की जाते, वरणावर साय धरते. यांच्यासाठी टेबल, फोन, फ्रेम सगळं आधी लावून ठेवायचं, जागेवर रिकामी बशी ठेवून फोकस आणि उजेड बघून घ्यायचा, पदार्थ आला की दोन चार फोटो आणि लगेच खायला.

मुलाला यात घ्या. नववीतला मुलगा वैतागतो कारण त्याला नुसतं थांबायला सांगितलं जातंय. त्याला वजनकाटा द्या. किचनचा साधा डिजिटल काटा आणि एक वही, आणि काम असं, आई करायला बसायच्या आधी प्रत्येक डबा वजन करून लिहायचा, गुळाचा, पिठाचा, तिखटाचा, तेलाची बाटलीसुद्धा, आणि सगळं झाल्यावर परत वजन. फरक म्हणजे वापरलेलं माप. आईंना मध्ये एकदाही थांबवायचं नाही, "थांब, ते आधी मोजू दे" म्हणायचं नाही, त्यांच्या मुठीने, चिमटीने त्या घालतील तेच खरं, मोजलेल्या चमच्याने घालायला लावलं की हात बिचकतो आणि चव बदलते. तुमच्या घरची वाटीही एकदा पाण्याने भरून वजन करून ठेवा, १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम, मग "दोन वाट्या" म्हणजे किती ते परदेशातल्या भाचीलाही कळेल. तीच पाककृती पुन्हा कधी झाली तर परत मोजा, दोन वेळांत फरक येणारच, गूळ किती गोड, डाळ नवी की जुनी, यावर आई माप बदलत असतात. दोन्ही आकडे लिहा आणि का बदललं ते विचारा.

आईंना फोटो नको असतो, त्याचा मान ठेवा. बऱ्याच आयांना आपण दमलेल्या, घरातल्या साडीत, केस विस्कटलेले असे दिसू नये असं वाटतं, आणि आपण नेमके तसेच टिपायला जातो. चेहरा सोडा, हात घ्या. पाककृतीच्या दृष्टीने चेहऱ्यापेक्षा हातच लागतात. भाकरी थापताना तळहाताचा कुठला भाग टेकतो, बोटं कधी वर उचललेली असतात, भाकरी फिरते की हात फिरतो, हे त्यांच्या खांद्यामागून, त्यांच्याच नजरेच्या कोनातून टिपा, समोरून नको. समोरून काढलेल्या फोटोत शिकणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, डावं उजवं मनात फिरवत बसावं लागतं. त्यांच्या खांद्यामागून घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ आणि त्यात त्यांचा चालू असलेला आवाज, "पाणी कोमट, बेताचं, असं" यातून भाकरी जितकी कळते तितकी कुठल्याच फोटोतून कळत नाही. हे सगळं नीट चाललं, काढलेले फोटो त्यांना मोठ्या स्क्रीनवर दाखवले, की बऱ्याचदा त्या आपणहून म्हणतात थांब जरा साडी बदलून येते. नाही म्हणाल्या तर नाही.

कॅमेऱ्याकडे परत येते, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. असं दोन तीन महिने फोनवर करून बघा. त्यानंतरही फोटोग्राफीचीच गोडी लागली, फोन अपुरा पडतोय असं वाटलं, तर घ्या, नक्की घ्या, हौसेला माझा विरोध नाही. तेव्हा पैसे बॉडीपेक्षा, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा, लेन्सवर घाला. एपीएस सी सेन्सरची (म्हणजे महागड्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांपेक्षा लहान सेन्सरची) कुठल्याही मोठ्या कंपनीची साधी बॉडी, भरवशाच्या दुकानातली जुनी मिळाली तरी चालेल, आणि ३५ एमएम एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं). सगळे ५० घ्या सांगतात, पण त्या सेन्सरवर ५० म्हणजे ७५ ते ८० एमएमसारखी होते आणि आपल्या फ्लॅटमधल्या किचनमध्ये तितकं मागे जायला भिंत आडवी येते. शिवाय घ्यायच्या आधी लेन्स किती जवळून फोकस करते ते बघा, काही ५० एमएम लेन्स ४५ सेंटीमीटरच्या आत येतच नाहीत, चिमटीतला डाळीचा दाणा त्यात मावणार नाही. आणि एफ १.८ आहे म्हणून कायम त्यावरच काढू नका, जवळून काढताना तेवढ्यावर वाटीची एक कड स्पष्ट आणि बाकी सगळं पुसट होतं, एफ ४ ते ५.६ वर पदार्थ ओळखू येतो.

शेवटचं म्हणजे जपून ठेवणं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले फोटो दाबले जातात, बहिणीला पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाईली फोनमध्येच ठेवू नका, एक प्रत हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. आणि त्याच दिवशी रात्री नावं बदला, पुरण ०३ गूळ विरघळल्यावर, पुरण ०४ कड सुटताना, असं, कारण आठवड्याने त्या दोन पिवळ्या फोटोंमधला फरक तुम्हालाही सांगता येत नाही. व्हिडिओतलं आईंचं बोलणं तसंच्या तसं लिहून काढा, त्यांच्या साताऱ्याकडच्या शब्दांसकट, सुधारून प्रमाण भाषेत आणू नका.

कुठून सुरू करायचं असं विचाराल तर मसाल्यापासून नको, तो दिवसभराचा कार्यक्रम आहे आणि उन्हाळ्यातच करायचा. झुणका भाकरीपासून करा. अर्ध्या पाऊण तासाचं काम, सगळ्यांना आवडतं, आईंचा हात सरावाचा आहे आणि बिघडायला काही नाही. हॉलच्या खिडकीपाशी दुपारी घरातले दिवे बंद करून एक रिकामं ताट ठेवा आणि त्याचा फोटो इथे टाका, खिडकी कुठे आणि ओटा कुठे ते दिसेल असा आणखी एक. ते बघून टेबल नेमकं कुठे मांडायचं आणि पडदा लागेल की नाही हे सांगता येईल मला.